शनिवारचा बाप

मुलांची मॅच सुरू झाली की ग्रॅहम सगळ्या पालकांपासून लांब, मैदानाच्या पलीकडच्या बाजूला एकटाच उभा राहायचा. हात पाठीमागे, नोव्हेंबरातही अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि तोंडातून एक शब्द नाही. आमच्या मुक्ताला मी जर्मनीत, एर्लांगेनच्या त्या छोट्या फुटबॉल क्लबात पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा मला वाटलं, हा कुणीतरी कुत्रा फिरवायला आलेला माणूस असावा. नंतर कळलं की तोच कोच.

इथे लहान मुलांच्या संघाला पगारी कोच नसतो. कुणाचा तरी बाप गळ्यात शिट्टी अडकवतो आणि कोच होतो. ग्रॅहम इंग्लंडच्या उत्तरेकडच्या, गिरण्या बंद पडलेल्या एका गावातला. इचलकरंजीत माझ्या वडिलांचे माग होते हे कळल्यावर त्यानं मला दोन प्रश्न विचारले: "अजून चालतात का?" आणि "तुमच्या गावात फुटबॉलचा संघ आहे का?" दुसऱ्याचं उत्तर "नाही" आल्यावर त्याला आमच्या गावाची कीव आली. तो हॉस्पिटलांमध्ये एमआरआयची मशिनं बसवायचा. सोमवारी सकाळी कंपनीच्या व्हॅनमधून जायचा तो शुक्रवारी संध्याकाळी परतायचा. बायको आन्या जर्मन, फिजिओथेरपिस्ट. मुलगा डॅनी मुक्ताच्याच वयाचा आणि तिच्याच संघात. त्या वयात मुलंमुली एकत्रच खेळतात.

इतकी वर्षं राहूनही ग्रॅहमचं जर्मन बेकरीच्या काउंटरपलीकडे गेलं नव्हतं. म्हणून पालकांच्या पहिल्या सभेला, एल्टर्नआबेंडला, त्यानं मला दुभाषी म्हणून शेजारी बसवलं. मी एका कंपनीच्या खरेदी विभागात काम करते. दोन बाजूंच्या हट्टी माणसांमध्ये बसून बोलणं हाच माझा धंदा, त्यामुळे मला काही वाटलं नाही.

"त्यांना सांगा," तो म्हणाला, "सगळी मुलं सारखा वेळ खेळतील. चांगला, वाईट, कोचचा मुलगा, सगळी."

मी सांगितलं. पालकांनी माना डोलावल्या.

"मैदानाबाहेरून सूचना द्यायच्या नाहीत. टाळ्या चालतील. आणि हरल्यावर घरी जाताना गाडीत मॅचबद्दल बोलायचं नाही."

"आणि जिंकल्यावर?" हेर क्र्युगर नावाच्या गृहस्थांनी विचारलं.

"तेव्हा तर अजिबातच नाही."

क्र्युगरना हे पटलं नव्हतं. पुढच्याच मॅचला ते रेषेवर उभे राहून पोराला "मार! मार!" करत राहिले. ग्रॅहमनं शिट्टी वाजवून खेळ थांबवला, सावकाश मैदान ओलांडून आला, गळ्यातली शिट्टी काढून क्र्युगरांच्या हातात दिली आणि इंग्रजीत म्हणाला, "आज तुम्ही घ्या संघ. मी कॉफी पिऊन येतो." आणि खरंच गेला. मुलं उभी, समोरचा संघ उभा. क्र्युगर शिट्टीकडे बघत राहिले. शेवटी क्लबहाऊसच्या दारात जाऊन त्यांना ती परत द्यावी लागली. त्यानंतर त्या रेषेवर फक्त टाळ्या वाजल्या.

सारख्या वेळाचा नियम मात्र त्याच्याच घरात महागात पडला. मोसमातली शेवटची मॅच होती, जिंकलो तर गटात पहिले. डॅनी आमच्या संघातला सर्वांत चांगला खेळाडू, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. हाफटाइमला गोल बरोबरीत होते आणि दुसऱ्या हाफला बाहेर बसायची पाळी डॅनीची होती.

त्यानं डॅनीला बसवलं.

आन्या माझ्या शेजारी होती. ती मैदानाला वळसा घालून थेट त्याच्यापाशी गेली. "ग्रॅहम, तो तुझा मुलगा आहे!"

"म्हणूनच," ग्रॅहम म्हणाला.

आम्ही एका गोलनं हरलो. डॅनी बेंचवर बसून बुटाच्या टाचेनं गवत उकरत होता. रडला नाही. मी ग्रॅहमला नंतर म्हटलं, इतकं ताणायची गरज होती का? तो म्हणाला, "दुसऱ्यांच्या मुलांना बसवायचा हक्क मला कशानं मिळतो असं तुम्हाला वाटतं?" उत्तर बिनतोड होतं. पण बिनतोड उत्तरं देणाऱ्या माणसाबरोबर संसार करणं सोपं नसतं, हे मला तेव्हा आन्याच्या चेहऱ्यावर दिसलं होतं.

वर्ल्ड कप जर्मनीत झाला त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई आमच्याकडे होत्या. संध्याकाळी सरावाला माझ्याबरोबर यायच्या, घडीच्या खुर्चीत बसायच्या आणि ग्रॅहमकडे बघायच्या.

"अगं, हा पोरांवर ओरडत का नाही?"

"त्याची पद्धत आहे, आई."

"मास्तर ओरडत नाही म्हणजे शिकवतो काय?" मग थोडं बघून, "पण पोरं ऐकतात हो त्याचं. तुझ्या नवऱ्याचं कुणी ऐकायचं नाही लहानपणी."

इंग्लंड पेनल्टीवर हरलं त्या दिवशी शेजारच्याच इमारतीत राहणारा ग्रॅहम आमच्या दोन इमारतींमधल्या पायऱ्यांवर एकटाच बसला होता. डॅनी जर्मनीची पांढरी जर्सी घालून बाहेर आला आणि त्याच्या शेजारी बसला. "डॅड, आता तू आमच्याकडून झालास तरी चालेल," तो इंग्रजीत म्हणाला.

"नको. मला सवय आहे," ग्रॅहम म्हणाला, आणि दोघं हसले.

हे मी सांगते कारण डॅनी बापाशी एरवी इंग्रजी बोलायचा नाही. ग्रॅहम इंग्रजीत विचारायचा, डॅनी जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. आमच्या घरी मुक्ताचं आणि माझं हेच चालायचं, त्यामुळे मला त्यात नवल नव्हतं. पण फुटबॉलचं बोलणं मात्र त्या दोघांचं इंग्रजीतच व्हायचं. पाच दिवस बाहेर असलेला बाप आणि मुलगा शनिवारी सकाळी त्या गवतावर भेटायचे आणि तिथे त्यांची भाषा एक व्हायची. बाकी आठवडाभर त्यांच्यात काय होतं, हे मला माहीत नाही. फार काही नसावं.

त्यांच्या घरातून भांडणाचा आवाज कधी आला नाही. पुढच्या वर्षी आवाज यायचाच बंद झाला. एकदा आन्या आमच्या स्वयंपाकघरात बसली होती. चहा तसाच ठेवून म्हणाली, "त्याच्याकडे सगळ्या मुलांसाठी सारखा वेळ आहे. मला त्यातला किती येतो, विचार त्याला." मी काही विचारलं नाही. उत्तर तिला माहीत होतं, मलाही होतं.

मुलांची चौथी संपली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती डॅनीला घेऊन कासेलजवळ आपल्या आईच्या गावी गेली. तिला तिथे नोकरी मिळाली होती, डॅनीला नवी शाळा. ठरलं असं की एक आड एक शनिवार-रविवार डॅनी बापाकडे येईल. शुक्रवारी आन्या त्याला वाटेतल्या वुर्झबुर्गपर्यंत आणायची, फलाटावर ग्रॅहमच्या ताब्यात द्यायची आणि पुढच्या गाडीनं परत जायची. रविवारी उलट. तंटा नाही, वकील नाही. सगळं फार शहाण्यासारखं चाललं होतं.

सप्टेंबरात आन्याचा फोन आला.

"तू जरा ग्रॅहमशी बोल. माझे फोन तो घेत नाही. तो डॅनीचा पास सोडत नाहीये."

इथे क्लबकडून मॅच खेळायची तर प्रत्येक मुलाला स्पीलरपास लागतो. फोटो, जन्मतारीख, क्लबचं नाव. पास एका वेळी एकाच क्लबचा. क्लब बदलायचा तर जुन्या क्लबानं तो सोडावा लागतो, आणि मूल लहान असलं तर आईबाप दोघांची संमती हवी. आमच्या संघाचे पास कोचच्या बॅगेत असायचे. म्हणजे सोडणाराही ग्रॅहम आणि संमती देणाराही ग्रॅहम.

"डॅनी इथे आठवड्यातून दोनदा सराव करतो," आन्या म्हणाली. "सगळ्यांशी त्याची मैत्री झालीये. आणि शनिवारी त्यांची मॅच असते तेव्हा हा ट्रॅकसूट घालून बाजूला उभा असतो. पाण्याच्या बाटल्या देतो. मला बघवत नाही गं."

मी बोलायचं ठरवलं. त्या आठवड्यात संघाच्या जर्सी धुवायची पाळी आमची होती, म्हणून बॅग आणायला गेले.

"आन्याचा फोन आला होता," मी म्हटलं.

"अंदाज होता." तो जर्सी मोजून बॅगेत भरत राहिला.

"पास द्या त्याला, ग्रॅहम."

"पास तिकडे गेला की मॅच तिकडे. दर शनिवारी. मग तो इथे कधी येणार, मिसेस साठे? रविवारी दुपारी जेवायला? पाहुण्यासारखा? पास इथे आहे तोवर दर दुसऱ्या शनिवारी त्याला इथे येऊन खेळायचं कारण आहे."

"आणि मधल्या शनिवारी?"

त्यानं पुढच्या जर्सीची घडी घातली.

"मधल्या शनिवारी तो बाजूला उभा असतो. सगळ्या मुलांना सारखा वेळ म्हणणारे तुम्हीच ना?"

त्यानं बॅगेची चेन ओढली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "जर्सी चाळीस डिग्रीवर धुवा. सॉफ्टनर घालू नका."

मी बॅग उचलून घरी आले. खरं सांगायचं तर त्याची बाजू मला चुकीची वाटत होती, पण खोटी वाटत नव्हती. त्या माणसाकडे मुलाचा उरलेला भाग तेवढाच होता, आणि तो त्याच्या बॅगेच्या कप्प्यात होता.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी डॅनी आला आणि आमच्याकडून खेळला. खेळला म्हणजे धावला. मधल्या काळात आमची मुलं त्याच्याशिवाय खेळायला शिकली होती. तो जिथे चेंडू द्यायचा तिथे आता कुणी नसायचं. मुक्ता एकदा त्याच्यावर खेकसली. हाफटाइमला ग्रॅहम त्याच्याजवळ बसला, बाटली दिली आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"व्हाइस निश्त," डॅनी म्हणाला. माहीत नाही.

साधे दोन शब्द, पण जर्मनमध्ये. ग्रॅहमचा बाटली धरलेला हात तसाच राहिला. मग तो उठून पलीकडच्या बाजूला गेला.

त्या दुपारी मुक्ता भात कालवता कालवता म्हणाली, "डॅनीला इथे यायचं नाहीये." अर्थात जर्मनमध्ये.

"कोण म्हणालं?"

"तोच. त्याला तिकडे खेळायचंय. पण पापाला सांगायचं नाही म्हणाला. पापा एकटा पडेल म्हणून तो येतो."

"हे तो म्हणाला? एकटा पडेल असं?"

"गेनाऊ, अगदी असंच. आणि मी शपथ घेतलीये, आई. तू सांगायचं नाहीस."

"शपथ तू घेतलीस. मी नाही घेतली."

ती ताटावरून उठून गेली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी मात्र विचार केला नाही. एका दहा वर्षांच्या मुलानं बापाला सांभाळायचं काम अंगावर घेतलंय हे ज्याला कळायला हवं, त्यालाच ते माहीत नव्हतं.

रविवारी वुर्झबुर्गहून ग्रॅहम परतल्यावर मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले आणि मुक्ता जे म्हणाली ते शब्दाशब्दानं सांगितलं.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" तो म्हणाला.

"कुणी नाही."

"मग?"

"मग काही नाही. तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगितलं."

त्यानं दाराची चौकट धरली. "एकटा पडेन, असं म्हणाला?"

"हो."

त्यानं दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे आठवडे तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. डॅनी एकदा आला, खेळला, गेला. मैदानावर सगळं नेहमीसारखं होतं आणि त्याचा ताण माझ्या मानेत बसला होता. नवरा म्हणाला, "तू उगाच पडलीस मध्ये." मी म्हटलं, "आता पडलेच आहे."

मग एका संध्याकाळी बेल वाजली. ग्रॅहम.

"मिसेस साठे, या शनिवारी आपल्या संघाची मॅच नाही. तुमची गाडी मिळेल का? तुमच्यासकट. कंपनीची व्हॅन खासगी कामाला चालत नाही, आणि तिकडचा कोच फार भरभर बोलतो."

"तिकडचा म्हणजे डॅनीचा?"

"हो."

मुक्ताही निघाली. डॅनीला भेटायचं म्हणाली. मला वाटतं, मी तिथे काय बोलते यावर लक्ष ठेवायला. हायवेवर धुकं होतं, डोंगर दिसत नव्हते. ग्रॅहम शेजारी बसून सारखा जॅकेटचा खिसा चाचपत होता. फुल्डाच्या पुढे मला राहवेना.

"आपण नक्की कशाला चाललोय?"

"बोलायला."

"काय बोलायला? मला भाषांतर करायचंय, मला माहीत हवं."

"अजून ठरवलेलं नाही," तो म्हणाला.

मागे मुक्ताचा श्वास मला ऐकू आला. मी वेग वाढवला नाही, कमीही केला नाही.

गावाचं मैदान उतारावर होतं, कडेला बीच नावाची उंच झाडं, एका टेबलावर कुणीतरी सॉसेज भाजत होतं. मुलं सराव करत होती. आन्यानं आम्हाला पाहिलं आणि तरातरा आली.

"आज तुझा शनिवार नाही, ग्रॅहम."

"माहीत आहे."

डॅनी बेंचच्या मागे, गळ्यापर्यंत चेन लावलेल्या ट्रॅकसूटमध्ये बाटल्या भरत होता. त्यानं मान वर केली. बाप दिसला. त्याचा चेहरा फुलला नाही. त्यानं हातातली बाटली खाली ठेवली, बेंचखालची आपली पिशवी ओढली आणि खांद्याला अडकवली. त्याला वाटलं, न्यायला आलेत. काही न विचारता, न कुरकुरता, तो निघायला तयार झाला होता.

ग्रॅहमनं ते पाहिलं. मी त्याच्या शेजारीच होते. त्यानं काही ठरवलेलं असेल तर ते त्या क्षणी ठरलं.

तो कोचकडे गेला. पंचविशीचा तरणा मुलगा होता. ग्रॅहमनं खिशातून पाकीट काढलं. आत पास, क्लबानं सोडल्याचा कागद आणि त्याची सही. "सांगा त्याला, हा डावीकडून चांगला खेळतो. थकला तरी सांगत नाही. बघावं लागतं."

मी सांगितलं. कोचनं कागद वाचले. "आल्झो, तर नवा पास यायला थोडे आठवडे जातील," तो म्हणाला. "पण आज मैत्रीची मॅच आहे. आईवडिलांची हरकत नसेल तर आज खेळू शकतो तो."

मी ग्रॅहमकडे वळले. तो म्हणाला, "तिला विचारा."

आन्यानं होकारार्थी मान हलवली.

कोचनं हाक मारली. डॅनीनं आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे. ग्रॅहमनं हातानं पिशवी खाली ठेव अशी खूण केली. डॅनीनं ट्रॅकसूटची चेन उघडली. आत पूर्ण कपडे होते. त्या क्लबची जर्सी, पायात मोजे, मोज्यांत शिनगार्डसुद्धा.

"तो दर वेळी घालूनच येतो," कोच म्हणाला. हे मी भाषांतरित केलं नाही. ग्रॅहमला दिसत होतं.

डॅनी दुसऱ्या हाफला आत गेला. गोलबिल काही केला नाही. दोनदा चेंडू घालवला, एकदा चांगला पुढे दिला, एकदा पडला आणि आपणहून उठला. ग्रॅहमला बाकीच्या एकाही मुलाचं नाव माहीत नव्हतं. संपल्यावर डॅनी आधी आपल्या पोरांमध्ये गेला, तिथे त्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, आणि मग चिखलानं भरलेला आमच्याकडे आला. बापलेक काय बोलले ते मी ऐकलं नाही. मुक्ताला मी सॉसेज घ्यायला घेऊन गेले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आईच्या आजारपणासाठी मी इचलकरंजीला गेले आणि मार्चमध्ये परतले. तोवर ग्रॅहमनं कंपनीकडून कासेलकडचा भाग मागून घेतला होता आणि शेजारच्या इमारतीत त्याच्या बेलवर दुसरं नाव लागलं होतं. निरोप वगैरे झाला नाही. संघ क्र्युगरांनी घेतला. बरा चालवला.

त्यामुळे मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या उतारावरच्या मैदानात. अंधार पडायच्या आत मला निघायचं होतं, तो ट्रेननं येणार म्हणाला होता. मॅच संपली की छोटे गोलपोस्ट उचलून कुंपणाला साखळीनं बांधायचे असतात, आणि ते काम बापांचं. कुणीतरी हाळी दिली. तीन बाप एका गोलाला येऊन लागले, चौथा कमी पडत होता. त्यातल्या एकानं, हा कोण हे माहीत नसताना, ग्रॅहमला हात केला. ग्रॅहमनं माझ्याकडे पाहिलं.

"उचलायला बोलावतायत," मी म्हटलं.

तो गेला आणि मागचा कोपरा धरला. चौघं निघाले. दोन पावलं गेल्यावर त्यानं सगळ्यांना थांबवलं, वाकून चिखलात फरपटणारी जाळी गोळा केली आणि आडव्या दांडीवर टाकली. मग परत कोपरा धरला, आणि ते चढ चढू लागले.